बारा चाळीसची एसटी

ज्योत्स्ना मगदूम मॅडमचा तास शनिवारी शेवटचा असे, आणि त्या तासाला घंटा नसे.

या घंटा नसण्याचा मॅडमना फार अभिमान होता. तालुक्याच्या कॉलेजात ‘वाटाघाटी आणि सहमती’ असा काही विषय असतो, हे आधी लोकांना पटवण्यापासूनच त्यांची सुरुवात झाली होती. पहिल्या वर्षी सहा मुलं आली, त्यातली दोन खोली चुकून आली होती. पुढे मात्र वर्ग भरू लागला, आणि त्याचं कारण होतं शनिवारचा सराव. सरावाचं नाव ‘चार गावं, एक पूर’. चार मुलांचा एक गट, प्रत्येकाकडे एक गाव. नदीला पूर येणार आहे, बांधाला चार दारं आहेत, आणि कुठलं दार उघडायचं हे चौघांनी मिळून ठरवायचं. मतदान नाही, चिठ्ठ्या नाहीत. ज्याला पटलं त्याने उजवा तळहात टेबलावर ठेवायचा. चार तळहात टेबलावर आले की एकमत, आणि चौघांनाही पैकीच्या पैकी गुण. दीड वाजेपर्यंत एक जरी हात वर राहिला तर चौघांनाही शून्य.

“माझ्या तासाला घंटा नसते,” मॅडम सांगायच्या. “एकमत झालं की तास संपला. तोवर कुणी उठायचं नाही.”

आणि एकमत होत असे. मुलं तासभर एकमेकांच्या अंगावर धावून जायची, बाकं वाजवायची, आणि साडेबाराच्या सुमाराला कशी कोण जाणे, निवळायची. एकेक तळहात खाली यायचा. दरवर्षी मॅडम नव्या प्राध्यापकांना सांगत की, माणसाला पुरेसा वेळ दिला की तो शहाण्यासारखा वागतो. यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

त्यातला एक शनिवार त्यांना नीट आठवत होता. गटात तन्मय गोगटे होता, गावातल्या औषधांच्या दुकानदाराचा मुलगा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याच्याकडे शहर होतं. सगळ्यात खालच्या गावाची बाजू ईश्वरी चौगुलेकडे. ही मुलगी पाणंदवाडीहून यायची, नदीकाठच्या खऱ्याखुऱ्या गावातून, त्यामुळे पुराबद्दल ती पुस्तकातलं बोलत नव्हती.

“चारही दारं थोडी थोडी उघडा,” ती सांगत होती. “सगळ्यांच्या घरात गुडघाभर येईल. चिखल काढू, पण कुणाचं छप्पर जाणार नाही.”

“शहरात गुडघाभर म्हणजे वीज गेली, दवाखाना बंद,” तन्मय म्हणाला. “त्यापेक्षा एक गाव आधीच रिकामं करायचं आणि सगळं पाणी तिकडं सोडायचं. हिशोब सरळ आहे.”

“ते एक गाव नेहमी आमचंच का?”

तन्मयला घाई नव्हती. खुर्चीत मागे रेलून त्याने तेच सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाकी दोघांचे हात टेबलावर आले. बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी ईश्वरीने खिडकीबाहेर पाहिलं, ओठ आवळले आणि तळहात खाली ठेवला. मॅडमनी तिच्या नावापुढे शेरा लिहिला, ‘समंजस’. त्या वर्षी मुलांच्या मनगटांवर पट्टे होते. पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पाने ते दिले होते, चर्चेत माणसावर किती ताण येतो ते मोजायला. तळहात टेबलाला टेकला त्या क्षणाची नोंद पट्ट्यांत आपोआप व्हायची. पट्टे तीन वर्षं राहिले आणि त्या नोंदी मॅडमनी कौतुकाने जपून ठेवल्या.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

मॅडम निवृत्त झाल्या, त्याच वर्षी त्यांचे यजमान उदयराव यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. हिशोबात पक्का, गप्पांत रंगणारा माणूस आता खिडकीपाशी बसून असे. दिवसभर शारदाबाई त्यांचं सगळं करायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला निघायच्या, कारण त्यांच्या गावाची शेवटची एसटी पाच चाळीसची होती. मागच्या डिसेंबरात मॅडमना बँकेतून यायला वीसच मिनिटं उशीर झाला होता. तेवढ्यात उदयराव उठायला गेले आणि न्हाणीघरात पडले. मॅडमनी दार उघडलं तेव्हा ते ओल्या फरशीवर गालावर पडून होते आणि डाव्या हाताने दार खरवडत होते. तो खरवडण्याचा आवाज मॅडमच्या कानातून काही केल्या जात नव्हता. तेव्हापासून साडेपाच म्हणजे साडेपाच.

अशातच तन्मय गोगटे पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. पाया पडला. त्याने केलेल्या यंत्राचं नाव एव्हाना सगळ्यांच्या तोंडी होतं: ‘मेळ’. ज्या सोसायट्यांत गाड्या लावण्याच्या जागेवरून माणसं जिन्यात एकमेकांकडे बघत नव्हती, तिथे ‘मेळ’ने एका दुपारी समेट घडवला होता. भावाभावांचे खटले मिटले. कोर्टात वकील माशा मारत बसले, आणि त्याबद्दल वकील सोडून कुणाला वाईट वाटलं नाही.

“मॅडम, हे तुमचंच आहे,” तो म्हणाला. “तुमच्या शनिवारांवर शिकलंय ते.”

“म्हणजे रे?”

मग त्याने समजावून सांगितलं, अगदी त्यांच्याच पद्धतीने, टेबलावर कपबशा मांडून.

“माणूस तोंडाने ‘नाही’ म्हणत असतो, पण ‘हो’ म्हणायच्या चार-पाच मिनिटं आधीच त्याचं शरीर बदलायला लागतं. हाताला आलेला घाम ओसरतो. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं. श्वास लांबतो, आवाज किंचित खाली येतो. त्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. मनगटावरच्या पट्ट्याला असतो.”

“आणि यंत्र काय करतं?”

“वाट बघतं. प्रत्येकाच्या समोर छोटा पडदा असतो. प्रस्ताव सगळ्यांना एकच, पण कुणाला तो कधी दाखवायचा, आधी कुणाला बोलू द्यायचं, चहा कधी आणायचा, बैठक किती लांबवायची, हे ‘मेळ’ ठरवतं. मध्ये मध्ये छोटी चाचपणी करतं. एखादी साधी सूचना टाकून बघायची, कुणाचं शरीर कशाला दचकतंय. माणूस होकाराजवळ आला की बरोबर तेव्हा प्रस्ताव समोर. जबरदस्ती शून्य.”

“पण शरीर होकाराकडं चाललंय हे यंत्राला कळतं कसं?”

“तेच तर! पुण्याच्या प्रकल्पाकडून नोंदी मिळाल्या. तीन वर्षांचे शनिवार, त्र्याण्णव सराव, तीनशे चाळीसच्या वर तळहात. प्रत्येक होकाराची सेकंदासकट नोंद. अशी स्वच्छ नोंद जगात कुणाकडे नव्हती, मॅडम.”

मॅडमचे डोळे पाणावले. खरं सांगायचं तर आयुष्यभर शिकवून शेवटी काय उरलं, हा प्रश्न त्या दिवसांत त्यांना फार छळायचा. त्याचं उत्तर पेढे घेऊन घरी आलं होतं.

तन्मयचं कामही होतं. नवा पूरवाटपाचा कायदा आला होता. मोठा पूर आला तर पाणी कुठे सोडायचं ते नदीकाठच्या गावांनी आणि शहराने आधीच ठरवायचं, तेही एकमताने. ज्या गावाने स्वतः हो म्हटलं नाही ते गाव कुणी बुडवू शकत नव्हतं. शिवाय होकार मोकळ्या मनाने दिला गेला, असं सांगणारा एक साक्षीदार हवा. त्याची सही नसेल तर एकमत रद्द. तालुक्याच्या बैठकीला ‘मेळ’ बसवणार होते, आणि साक्षीदार म्हणून मगदूम मॅडमचं नाव सगळ्यांनी एका तोंडाने सुचवलं होतं. मॅडमनी लगेच हो म्हटलं. पुड्यातला एक पेढा कुस्करून त्यांनी उदयरावांना भरवला आणि सगळं सांगितलं. ते डाव्या डोळ्याने हसले.

बैठकीच्या आदल्या रविवारी ईश्वरी चौगुले आली. अठ्ठावीस वर्षांची, पाणंदवाडीची सरपंच. तिने आल्याआल्या उदयरावांच्या पायांवरची चादर सारखी केली, मग मॅडमसमोर बसली.

“मॅडम, शेजारच्या तालुक्यात असंच एक गाव गेलं,” ती म्हणाली. “सरपंच माझ्या ओळखीच्या. शेवटपर्यंत नको म्हणत होत्या. घरी तान्हं बाळ होतं. बैठक लांबत गेली, दुधाची वेळ झाली, आणि हात ठेवून आल्या. आता गाव त्यांना तोंड दाखवू देत नाही.”

“तिथला साक्षीदार काय करत होता?”

“त्यानं लिहिलं, मोकळ्या मनाने होकार. तेव्हा बाई रडत नव्हत्या ना, म्हणून.” ईश्वरी पुढे सरकली. “हे यंत्र आपल्या वर्गात शिकलं म्हणतात. खरं का?”

“खरं आहे.”

“मग ते कसं शिकलं असंल ते मला ठाऊक आहे. रागावणार नसाल तर सांगते.”

“सांग.”

“त्या दिवशी मला तन्मयचं काही पटलं नव्हतं. बारा चाळीसची एसटी होती. ती चुकली की पुढची चारला. स्टँडपर्यंत चालत सात मिनिटं. साडेबाराला हात ठेवला नसता तर चार वाजेपर्यंत स्टँडवर उपाशी बसावं लागलं असतं, आणि घरी पोचायला अंधार. आम्ही गावाकडची सगळी तसंच करायचो. शहरातली पोरं चालत घरी जायची, त्यांना काय घाई? त्यांनापण ते माहीत होतं. आमचं आपसात ठरलेलंच असायचं, बारा पंचवीसपर्यंत भांडायचं, मग ठेवायचा हात.”

अकरा वर्षं मॅडम त्याच स्टँडवरून, त्याच एसट्यांच्या धुरळ्यातून रिक्षाने घरी जात होत्या, आणि ही गोष्ट एकदाही त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

“तू तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इतक्या खूश असायचा,” ईश्वरी म्हणाली.

ती गेल्यावर मॅडमनी जुन्या नोंदी काढल्या. दोन दिवस त्या त्यांतच बुडून गेल्या. त्र्याण्णव सरावांपैकी पंच्याऐंशीत शेवटचा तळहात बारा वीस ते बारा तेहतीसच्या दरम्यान पडला होता, आणि तो प्रत्येक वेळी बाहेरगावच्या मुलाचा होता. एकदाही, चुकूनसुद्धा, शहरातल्या मुलाचा नव्हता. उरलेले आठ सराव एकाच सत्रातले. त्या सत्रात पुलाचं काम निघालं होतं, एसट्या बंद होत्या, आणि गावाकडची मुलं वसतिगृहात राहत होती. त्या आठही शनिवारी मुलं दीड वाजेपर्यंत बसली आणि एकमत झालं नाही. वहीत मॅडमच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘हट्टी बॅच. शून्य.’ फक्त तीच मुलं घाई नसताना खरं बोलली होती. आणि त्यांनाच मॅडमनी नापास केलं होतं.

मॅडमनी तन्मयला फोन लावला.

“तुझं यंत्र होकार शिकलेलंच नाही,” त्या म्हणाल्या. “हार मानणं शिकलंय. पोरं एसटीसाठी हात ठेवत होती रे!”

“मला माहीत होतं, मॅडम,” तन्मय म्हणाला. “एसटीचं तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, तुम्हालाही असणार. सराव तसाच आखलाय असं वाटायचं.”

“आणि तरीही तू...”

“आम्ही तपासलं ना. पटून हो म्हणणारा माणूस आणि थकून हो म्हणणारा माणूस, दोघांचा श्वास सारखाच लांबतो. घाम सारखाच ओसरतो. भांडण संपलं याचं शरीराला बरं वाटतं, ते का संपलं हे शरीर विचारत नाही. बाहेरून फरक दिसत नाही, मॅडम. आणि मी कुठून आणू दुसरे होकार? तुम्हीच सांगा. कुणालाही कसलीही घाई नव्हती, काही सुटणार नव्हतं, कुणी दारात ताटकळत नव्हतं, आणि तरी सगळ्यांनी मनापासून हो म्हटलं, असा एक तरी प्रसंग तुमच्याकडं आहे?”

मॅडमनी फोन ठेवला आणि प्रसंग शोधू लागल्या. कॉलेजातल्या सभा आठवल्या, घर बांधतानाची दिरांशी झालेली बोलणी आठवली. स्वतःचं लग्न ठरलं तो दिवस आठवला. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि पाहुण्यांची गाडी चुकेल म्हणून आत आईने विचारलं होतं, “बोल गं पटकन, हो का नाही?” उदयराव चांगले निघाले, हे त्यांचं नशीब. त्या रात्री बारापर्यंत शोधत राहिल्या आणि त्यांना एकही प्रसंग सापडला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातात होती. त्या सही करणार नव्हत्या. तालुका कचेरीला त्यांनी चार पानी पत्र पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं, ‘आपली हरकत बैठकीत नोंदवावी.’ ठीक, बैठकीत. ईश्वरीला त्यांनी कळवलं, “तू हात ठेवू नकोस. मी सही करत नाही. दोघी मिळून धरून राहू.”

बैठक बुधवारी दोन वाजता तालुक्याच्या सभागृहात होती, घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. चार गावांचे चार सरपंच, शहराचा एक प्रतिनिधी, आणि साक्षीदार. सगळ्यांच्या मनगटांवर पट्टे. साक्षीदारालाही पट्टा बांधायचा आणि तळहात ठेवायचा होता, तीच त्याची सही. फोन बाहेर टोपलीत ठेवायचे होते. मॅडमनी तयारी केली नव्हती असं नाही. संध्याकाळी उदयरावांपाशी बसायला शेजारच्या पाटीलवहिनींना सांगून ठेवलं होतं, पण त्यांना ऐन वेळी भाचीच्या साखरपुड्याला मिरजेला जावं लागलं. शारदाबाईंना मॅडम म्हणाल्या, “पाचपर्यंत येतेच मी.” दोनला सुरू झालेली बैठक तीन तास कशाला चालेल, असं त्यांना वाटलं.

सुरुवातीलाच मॅडमनी उभं राहून हरकत सांगितली. एसटीपासून सगळं सांगितलं. शहराच्या प्रतिनिधीने मान डोलावली, कारकुनाने लिहून घेतलं, तांत्रिक मदतीसाठी बसलेल्या तन्मयने खाली पाहिलं. मग सगळ्यांच्या पडद्यांवर ओळ उमटली, ‘हरकत नोंदवली आहे. चर्चा पुढे चालू.’

प्रस्ताव होता तोच, वर्गात तन्मयने मांडलेला. मोठ्या पुरात पाणंदवाडीकडचं दार उघडायचं. चारशे घरं, शाळा, देऊळ, मशीद, सगळं दोन वर्षांत वर माळावर हलवायचं. माळावर पाणी नाही, सावली नाही. ईश्वरीने तिचं ते जुनं बोलणं पुन्हा मांडलं, की सगळ्यांकडे गुडघाभर येऊ दे, कुणाचं छप्पर जायला नको. ती फार चांगलं बोलली. वरच्या गावाच्या म्हाताऱ्या सरपंचांनी “पोरीचं बरोबर आहे” असं मोठ्याने म्हटलंसुद्धा. तेवढ्यात चहा आला, बोलणं दुसरीकडे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. सव्वाचार वाजता त्याच म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला, गोळी घ्यायची राहिली असं काहीतरी पुटपुटले आणि तळहात ठेवला. साडेचारपर्यंत चार तळहात टेबलावर होते. वर राहिल्या ईश्वरी आणि मॅडम.

पावणेपाचला पडद्यावर एक साधी ओळ आली, ‘बैठक सहापर्यंत वाढवावी का?’

ईश्वरी हलली नाही. मॅडमची नजर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि छातीत धस्स झालं. एवढंच झालं. पण तेवढ्यावरून यंत्राला हवं ते कळलं, हे त्यांनाही कळलं.

त्यानंतर ‘मेळ’ने ईश्वरीला काही विचारलंच नाही. तिच्या पडद्यावर नकाशा तसाच राहिला. मॅडमच्या पडद्यावर मात्र दर काही मिनिटांनी एक ओळ यायची. ‘बैठक साडेसातपर्यंत वाढवता येईल.’ ‘नियमानुसार कमाल मर्यादा रात्री नऊ.’ ‘साक्षीदारांना जायचं असल्यास त्या जाऊ शकतात.’ हे शेवटचं वाचून मॅडमनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत राखीव साक्षीदार, एक निवृत्त गृहस्थ, हातांची घडी घालून डुलक्या काढत होते. मॅडम उठल्या तर तो माणूस जागा होऊन सही करणार होता. म्हणजे थांबायचं, नाहीतर हात ठेवायचा. तिसरी वाट नव्हती.

पाच दहा झाले. मॅडमनी मनाशी पक्कं केलं की, आपण थांबायचं. शारदाबाई निघतील, उदय खुर्चीत बसून राहील, एक दिवस काय होतंय? पाच वीसला त्यांना ओली फरशी दिसली. पाच पंचवीसला खरवडण्याचा आवाज ऐकू यायला लागला, इतका स्पष्ट, की त्यांनी दाराकडे पाहिलं. समोर ईश्वरी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या पाठीमागे चारशे घरं होती आणि ती फक्त मॅडमच्या हाताकडे बघत होती.

मग मॅडमच्या लक्षात आलं, आपला श्वास लांबलाय. तळव्यांचा घाम सुकलाय. अंगभर एक लाजिरवाणा हलकेपणा पसरत होता, दुखरा दात पडून जावा तसा. त्यांनी अजून काहीच ठरवलं नव्हतं. आपण नाही म्हणतोय, असंच त्या स्वतःला सांगत होत्या. पडद्यावर प्रस्ताव आला, शांत निळ्या अक्षरांत, आणि पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी ज्योत्स्ना मगदूम मॅडमनी उजवा तळहात टेबलावर ठेवला.

लाकूड गार होतं. ईश्वरीने डोळे मिटले. मिनिटभर ती तशीच बसली, एकटीच हात वर ठेवून. आता तिचं ऐकणारं, तिच्यासाठी नाही म्हणणारं त्या खोलीत कुणी उरलं नव्हतं. एकटीने अडवून धरलं तर पुढच्या पुरात जे जाईल ते सगळं तिच्याच माथी बसणार होतं. मग तिनेही तळहात खाली ठेवला.

‘एकमत,’ पडदे म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. राखीव साक्षीदार दचकून जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

मॅडम टोपलीतून फोन घेत होत्या तेव्हा ईश्वरी शेजारी येऊन उभी राहिली. मॅडमना वाटलं, हिने आता चारचौघांत आपल्याला बोलावं, हात उगारला तरी चालेल.

“मी... ईश्वरी, घरी हे एकटे...”

“असू द्या, मॅडम,” ईश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. “तुमचीपण गाडी असंलच की.”

ती पायऱ्या उतरून गेली. गाव तिची वाट बघत असणार, आणि तिथे जाऊन काय सांगायचं हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. मॅडमनी रिक्षावाल्याला जोरात चल म्हणून सांगितलं. चौकात सिग्नल लागला, रेल्वेचं फाटक पडलं होतं. त्या मागच्या बाकावर पुढे झुकून बसल्या होत्या, देवाचं नाव घेत, आणि उजवा हात पदराला पुसत होत्या. जिना त्या धावतच चढल्या. सहाला पाच कमी होते.

दार उघडंच होतं. आत दिवा लागलेला. उदयराव खिडकीपाशी खुर्चीत होते, केस नीट विंचरलेले, गळ्याशी रुमाल. समोर शारदाबाई पाटावर बसून त्यांना बशीतून दूधपोळी भरवत होत्या.

“शारदाबाई? तुमची एसटी?”

“गेली की.” शारदाबाईंनी उदयरावांची हनुवटी पुसली. “तुम्ही आला न्हाई. ह्यास्नी एकट्याला टाकून कशी जाऊ? म्हटलं, जाऊ दे गाडी. रात्री हितंच पडते.”

“घरी काळजी करतील ना तुमच्या.”

“करू देत एक दिवस. काय हुतंय?”

मॅडम उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. चपला काढायचंही त्यांना सुचेना.

“तुमचं झालं का मिटिंगचं?” शारदाबाईंनी विचारलं. “जुळलं का समद्यांचं?”

उदयरावांनी मान वळवून पाहिलं आणि डाव्या डोळ्याने हसले.

“जुळलं,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “सगळ्यांचं जुळलं.”